डोशीचा चातुर्मास

माझ्या मागच्या गॅलरीत चिकूचे चार क्रेट आहेत. त्यांत चिकू नाहीत, निवडुंग आहेत. छोटे, गोल, कुणी लिंबाएवढा, कुणी संत्र्याएवढा. त्यांतला एकही माझा नाही. घरी येणाऱ्याला मी हे आधीच सांगून टाकते, कारण एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईने काटेरी झाडं पाळली की लोकांना त्यात लगेच अर्थ दिसायला लागतो. अर्थबिर्थ काही नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या बेन मुलाकडे अहमदाबादला गेल्या आणि जाताना हे माझ्या गळ्यात बांधून गेल्या, एवढंच.

बेन आणि मी डहाणू रोडच्या ह्या बिल्डिंगमध्ये बावीस वर्षं समोरासमोर राहिलो. मी तलासरीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. लग्न केलं नाही. का, ते विचारणारे आता उरले नाहीत. संध्याकाळी एसटीने घरी आले की बेनचं दार उघडंच असायचं. त्या आतून ओरडायच्या, "टीचर, चाय ठेवली, चप्पल काढा आन् या." बावीस वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, मीही त्यांना बेनच म्हटलं. त्यांच्या मराठीत अर्धं गुजराती असायचं आणि माझं गुजराती ऐकून त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

निवडुंगांचं वेड त्यांचं. सगळ्यांत जुनी होती डोशी. डोशी म्हणजे म्हातारी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांच्या मिस्टरांनी ती आणली तेव्हा शर्टाच्या बटणाएवढी होती म्हणे. मिस्टर गेले, डोशी वाढत राहिली. मी पाहिली तेव्हापासून ती नारळाएवढी होती, अंगभर पांढरे मऊ केस, केसांखाली काटे. फाल्गुनात डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं यायचं. मग बेन बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावून पेढे वाटायच्या. बायका पेढे खायच्या आणि झाडाकडे बघून "हो का, छान" म्हणायच्या.

बेनकडे मुलाने कुठूनतरी छापून आणलेले काही कागद होते, निवडुंगांबद्दलचे. इंग्रजी होते, म्हणून ते मी वाचून सांगायचं. डोशीच्या जातीची रानातली झाडं कुठल्याशा लांबच्या देशात खडकांच्या खाचांत असतात. पाऊस नसला की ती आक्रसून जमिनीत उतरतात, नुसतं डोकं वर राहतं, त्यावर धूळ बसते, आणि पाय पडला तरच कळतं की इथे कोणी आहे. बेनना हा भाग फार आवडायचा. "डोशीच्या गावची गोष्ट वाचा ने," म्हणायच्या. दर वेळी मी तेच वाचायचे.

एकदा आम्ही दोघी रिक्षा करून वाढवणला गेलो होतो, फड्या निवडुंगाची पिवळी फुलं बघायला. धाकटी डहाणूच्या वाटेवर बोंबील वाळत होते. बेन पक्क्या जैन, नाकाला पदर लावून बसल्या. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध भिंतीभिंतीवर बंदर नको, बंदर नको असं रंगवलेलं. वाळूच्या बांधावर फड्या माजला होता, कुणी न लावलेला, कुणी पाणी न घातलेला. बेननी नाकावरचा पदर काढला आणि त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाल्या, "जुओ टीचर, याला कोणाची गरज नाय." मला ते पटलं होतं. तेव्हा मला बऱ्याच गोष्टी पटायच्या.

मग त्यांचे गुडघे गेले. मुलगा येऊन घेऊन गेला. "एक वरस फक्त," त्या म्हणाल्या. डोशी तेव्हा नुकतीच फुलून गेली होती. जाताना जिन्यात बसकण मारून त्यांनी मला सगळं पुन्हा समजावलं. उन्हाळ्यात आठवड्याला एक कप. माती निम्मी मुरूम, आणि मुरूम शाळेमागच्या टेकडीवरचाच. तो इतकी वर्षं मीच पिशवीतून आणून देत होते. ह्या झाडांत माझं काही असेल तर ती माती. आणि आषाढ लागला की पाणी बंद. दिवाळी होईपर्यंत एक थेंब नाही. आपल्या समुद्राकाठच्या दमट हवेत त्यांना तेवढंच पुरतं, वरून घातलं की आतून सडतात.

"त्यांचा पण चातुर्मास," बेन म्हणाल्या. त्या स्वतः चार महिने पालेभाजी सोडायच्या, सूर्य बुडायच्या आत जेवायच्या. "मी पाळते, ते पण पाळतात. उपास मोडायचा नाय, हां टीचर."

मी म्हटलं, "बेन, मी तीस वर्षं पोरं सांभाळली आहेत. ही झाडं जागची हलत तरी नाहीत."

दर रविवारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. सुरुवातीला तासभर चालायचा. सून कशी, नातू कसा, तिकडचं पाणी कसं खारट, इकडे कोण वारलं. मग अर्धा तास झाला. वैशाखापर्यंत तो पाच मिनिटांवर आला. "सगळं सारूं आहे ने? झाडं?" सारूं म्हणजे त्यांचं बरं. "हो, बरी आहेत." "बस तो. जय जिनेन्द्र." ठेवला. मी स्वभावाने कुणाची मनधरणी करणारी नाही. पण रविवारी तीनपासूनच मी फोनजवळ खुर्ची ओढून बसत असे, आणि चार वाजून पाच मिनिटांनी पुढचा अख्खा आठवडा समोर पसरलेला असे. सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलणारे म्हणजे दूधवाला आणि भाजीवाली. त्या दोघांनाही घाई असायची.

एका रविवारी त्यांनी नेहमीचं विचारलं, झाडं कशी आहेत, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकावर पिठ्या ढेकूण पडलाय वाटतं."

पिठ्या ढेकूण म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड. नव्हतीच ती. पण पलीकडे बेन ताठ उठून बसल्या असाव्यात. कुठल्या कुंडीवर? वरच्या अंगाला की मुळाशी? कापसाचा बोळा घ्या, साबणाचं पाणी करा, काडीने एकेक काढा. सांगताना मध्येच त्यांना पहिल्या वेळची कीड आठवली, मग मिस्टर आठवले, मग त्या वर्षीचा पूर आठवला. पाऊण तास आम्ही बोललो. फोन ठेवल्यावर मी उठून स्वतःसाठी शिरा केला.

त्यानंतर दर रविवारी कोणीतरी आजारी पडायला लागलं. कुणावर लाल कोळी, कुणाला उन्हाचा चट्टा, कुणाची मान एका बाजूला कललेली. कोणत्या कुंडीला काय झालं होतं आणि ते बरं झालं की नाही, हे विसरू नये म्हणून मी वही केली. हजेरीपटासारख्या रेघा मारल्या. खोटं बोलणाऱ्या पोराला मी शाळेत पायाचे अंगठे धरून उभं करत असे, आणि इथे साठीला टेकलेली बाई टेबलाशी बसून निरोगी झाडांची दुखणी लिहून काढत होती. लाज वाटायची. पण चार वाजले की वाटेनाशी व्हायची.

आषाढात बेन म्हणाल्या की मुलाने ब्लॉकला गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. अगदी सहज म्हणाल्या, दळण संपलंय म्हणावं तसं. आता किडीवर भागण्यासारखं नव्हतं.

"बेन," मी म्हटलं, "डोशी बुडाशी जरा मऊ लागतेय."

बेन म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मला कॅमेऱ्यावर दाखवा. वहू लावून देईल."

सोमवारी मी डोशीची कुंडी आत आणून टेबलावर ठेवली. ती ठणठणीत होती. उपास सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, अंग थोडं आक्रसलेलं, केस दाट दिसत होते. "मला भास झाला, बरी आहे," एवढं सांगायचं होतं. पण मग फोन पाच मिनिटांचा झाला असता. शिवाय इतके दिवस भासच होत होते काय, असं त्यांनी विचारलं असतं तर? हे सगळं मी तेव्हा स्वच्छ विचार करून केलं, कुणी झपाटलं नव्हतं मला. जरा मऊ दिसेल एवढंच करू, दाखवू, मग पुन्हा सुकवू, असं ठरवलं. आणि पेला भरून पाणी घातलं. मंगळवारी आणखी एक. बुधवारी दोन दिवसांसाठी तिला ग्रिलच्या बाहेर पावसात ठेवली.

रविवारी सुनेने फोन धरला होता. बेन चष्मा लावून पडद्यात अगदी नाक खुपसून बसल्या. मी डोशीला खिडकीच्या उजेडात धरलं. ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. पाणी पिऊन तट्ट फुगली होती, काटा अन् काटा सुटा झाला होता, पावसाने धुतलेले केस पांढरेशुभ्र.

"अरे, आ तो केवी सरस लागे छे!" बेनचा चेहरा खुलला. "टीचर, तुमी पण ने. उगाच घाबरता आन् मला घाबरवता."

चार मिनिटांत फोन संपला. त्यांना पाणावलेल्या डोळ्यांनी हसताना मी पाहिलं, आणि तरी माझ्या मनात पहिला विचार आला तो, एवढं करून चारच मिनिटं. स्वतःबद्दलची ही गोष्ट मला विसरता येत नाही.

त्या फोननंतर बाराव्या दिवशी गॅलरीत वास आला. डोशी वरून तशीच होती. मी कुंडी पुसायला घेतली, डोशीला जरा हात लावला, आणि ती हातात आली. बूड कुंडीतच राहिलं, जास्त पिकलेल्या चिकूसारखं, तपकिरी आणि गळणारं. मी तिला वर्तमानपत्रावर ठेवून लादीवर बसले आणि मोठ्याने रडले. मला कुणी ऐकलं असतं तरी चाललं असतं. समोरचा ब्लॉक रिकामा, कोण ऐकणार?

डोशीच्या कडेला तीन पिल्लं होती. बेनच्या हाताखाली बघून बघून कसं कापायचं ते मला माहीत होतं. दोन पिल्लांच्या आत तपकिरी दोरा गेलेला दिसला. तिसरं स्वच्छ निघालं, सुपारीएवढं. त्याची जखम सुकायला ते मी वाटीत, सावलीत ठेवलं. आठवड्याने मातीत टेकवायचं, पण मुरूम संपला होता. त्या रविवारी बेनना सांगितलं, सगळं बरं आहे. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच मी सगळं बरं आहे म्हटलं, आणि तेच सगळ्यांत मोठं खोटं होतं.

भाद्रपदात उघडीप पडली तशी मी पिशवी आणि खुरपं घेऊन तलासरीची एसटी पकडली. शाळेला सुट्टी होती. मागच्या टेकडीवर काळा खडक, खडकाच्या भेगांत मुरूम, अधूनमधून करवंदाच्या जाळ्या. जाळीत वाकून एक बाई काहीतरी खुडत होती. माझ्याकडे शिकलेल्या एका मुलीची आई. मला बघून कंबर धरून उभी राहिली.

"बाई, तुमची नोकरी तं संपली. आता कशाला आल्या?"

"माती न्यायला."

ती हसायला लागली. "डहाणूला माती नाय?"

तिच्या ओच्यात माकडशिंगं होती. आमच्याकडच्या टेकड्यांवरचा हा रानातला प्रकार. बोटाएवढे जाड, चौकोनी, बिनपानांचे हिरवे कोंब, निवडुंगाचं धाकटं भावंड म्हणावं असे. शास्त्राने तो निवडुंग नाही, पण राहणी तीच. पोरं शाळेत मीठ लावून खायची आणि मी ओरडायचे. तीन महिने मुसळधार पाऊस डोक्यावर घेऊन ते सगळे ठणठणीत उभे होते, कारण पाणी खडकावरून वाहून जात होतं, पायाशी थांबत नव्हतं. एक कोंब उघड्या खडकावर होता, तो मी उपटायला गेले.

"तो नको. तो उन्हात जाणारच हाय. जाळीतला घ्या, जाळीतला टिकतो."

"का?" तीस वर्षांची सवय.

"जाळी ऊन धरते नी त्याच्यावरचं."

"मग जाळीला त्याचा काय फायदा?"

तिने माझ्याकडे जरा चमत्कारिक बघितलं. "जाळीला काय मिळायचं? ती हायच तिथं."

आम्ही दोघी खडकावर बसलो. तिची मुलगी आता वापीला कंपनीत होती. मी विचारलं, "फोन करते का?"

"रोज करते."

"रोज काय बोलता?"

"काय बोलायचं? ती विचारते जेवलीस का, मी सांगते जेवले. मग दोघी गप ऱ्हातो."

"आणि फोन?"

"चालूच असतो. तिच्या खोलीतला पंखा मला ऐकू येतो." तिने ओच्यातली मूठभर माकडशिंगं काढून माझ्या पिशवीत टाकली. "चिंच टाका भाजीत, नायतर कडू लागंल. घरात कोण हाय तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग एवढी बास."

एसटीत मुरुमाची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. आशागड येईपर्यंत मी बेनना खरं सांगायचं ठरवलं होतं. घरी आल्यावर आधी पिल्लू लावलं. मग रविवारची वाट न बघता फोन केला. मधल्याच वारी माझा फोन म्हटल्यावर बेन घाबरल्या.

मी सगळं सांगितलं. पाणी, पाऊस, वास, राहिलेलं एक पिल्लू. वहीसुद्धा.

त्या एकेक विचारायला लागल्या, अगदी हळू. "पिठ्या ढेकूण?"

"नव्हता."

"लाल कोळी?"

"नाही."

"तो मान वाकडी झालेला?"

"सरळच आहे, बेन. पहिल्यापासून."

"मी इथे त्या वाकड्या मानवाल्यासाठी आयंबिल केलं," त्या म्हणाल्या. आयंबिल म्हणजे त्यांचा दिवसातून एकदाच, बिनमिठाचं बिनतेलाचं खायचा उपास. "वहू हसली. झाडासाठी कोण आयंबिल करतं?" मग एका दमात म्हणाल्या, "टीचर, इथे मला कोणी काळजी करायला पण काय देत नाय. सगळं आधीच केलेलं असतं. एक रविवार होता. त्याच्यासाठी मी आठ दिवस विचार करायची, काय सांगू, कसं सांगू. आन् तुमी डोशीला मारली."

"हो," मी म्हटलं.

फोन बंद झाला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नवरात्र गेलं. एका दुपारी मुलगा येऊन ब्लॉक रिकामा करून गेला, जिन्यात माझ्या पाया पडला, आईबद्दल मी काही विचारलं नाही. समोर आता एक जोडपं राहतं. सभ्य आहेत, दार लावून घेतात. मी इतकी वर्षं एकटी राहिले पण एकटी पडले नव्हते, ते ह्या दिवाळीत कळलं. पिल्लाला मी करवंदाच्या दोन वाळक्या फांद्यांची सावली करून दिली होती. ते वाढत नव्हतं, मरतही नव्हतं. त्याला बघायला दिवसातून चारदा उठायचे.

कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या रविवारी चार वाजता फोन वाजला.

"चातुर्मास संपला," बेन म्हणाल्या. "पाणी दिलं?"

"कोणाला?"

"तुमी म्हटलं होतं ने, एक पिल्लू राहिलं."

"अजून नाही दिलं. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं देऊ?"

"चमचाभर द्या. जास्त नाय." मग थांबून, "कसं आहे?"

पिल्लाच्या डोक्यावर पांढरे केस दिसायला लागले होते, जावळासारखे. ते सांगितलं असतं तर पाऊण तास सहज निघाला असता. पण त्या क्षणी मला खरं तेवढंच आणि थोडकंच बोलायचं होतं.

"बरं आहे," मी म्हटलं. "काही झालेलं नाही."

"सारूं."

आता त्या जय जिनेन्द्र म्हणतील म्हणून मी थांबले. त्या म्हणाल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. पलीकडे पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता.